अर्ध्या हाताची बाई

१

कारखान्याची वार्षिक सुट्टी संपून पाळणाघर उघडलं, त्या सकाळी भिंतीवर एक बाई उभी होती.

उभी म्हणजे रंगात. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर फिकट पिवळी, जुन्या वर्तमानपत्रासारखी. उतरते खांदे, लोंबते हात, खाली गुडघ्यापर्यंत आलेला घेर. डोकं नव्हतं. पायही नव्हते. आणि डावा हात कोपरापाशीच संपला होता.

मी चिऊला कडेवर घेऊन दारातच थांबले. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी माझ्याही मागे, बाहेर, चपला न काढता उभ्या होत्या.

"मी नाही बाई आत जायची," त्या म्हणाल्या. "आणि पोरांची चित्रं कुठं गेली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या भिंतीवर खडूच्या चित्रांची नुसती जत्रा असायची. सहा पायांची मांजरं, घराएवढी फुलं, चिऊनं काढलेला आणि सगळ्यांना बटाटा वाटणारा तिचा बाबा. त्यातलं एकही उरलं नव्हतं.

आत सर होते. आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख. मावशींच्या आधीच येऊन त्यांनी कुलूप उघडलं होतं. हातात चॉकलेटांची पिशवी. मुलांवर त्यांचा जीव. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ते दरवेळी असेच येतात.

"अहो, ओल आहे ती!" ते हसले. "सुट्टीत भिंत रंगवून घेतली मी, आपलाच नेहमीचा पांढरा. आतून ओल फुटली. तुम्ही तर केमिस्ट ना? तुम्हीच असं तोंड केलंत तर मावशींनी काय करायचं?"

मी ओशाळून हसले. हसता हसता चिऊला घट्ट धरलं.

तेवढ्यात ठकू आली. आजीचा हात सोडून ती सरळ भिंतीपाशी गेली आणि त्या तुटक्या हाताच्या टोकाला तिनं गाल लावला.

"आई," ती म्हणाली.

सरांच्या पिशवीतलं एक चॉकलेट खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

ठकूची आई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली ताई. सुट्टी लागली त्या संध्याकाळपासून ती बेपत्ता होती. तिच्या फोनवरून आजीला एवढाच निरोप आला होता: मी जातेय, शोधू नका. नव्या रंगाची कृती घेऊन ती दुसऱ्या कंपनीत पळाली, असं सगळे म्हणत होते. पोरीला टाकून.

ताईच्या ॲप्रनची डावी बाही एकदा तापलेल्या शेगडीवर जळली होती. तिनं ती कोपरापाशी कापून टाकली आणि तोच ॲप्रन पुढे वापरत राहिली. नवा घे म्हटलं की म्हणायची, "हात थोडाच जळलाय?"

तो अर्धा हात मी ओळखला होता.

२

"भुताची तक्रार आम्ही लिहून घेत नाही, वहिनी," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. पोलिसांत तपास अधिकारी आहेत. आमच्या घरी आल्या की आधी फ्रीज उघडतात, मग तोंड.

"तुला तर चिऊ शिंकली तरी न्यूमोनिया दिसतो."

"हो, दिसतो. पण वन्सं, ठकूला मुलं काय म्हणतात माहितेय? तुझी आई पळाली. तीन-चार वर्षांची मुलं! घरात ऐकतात तेच बोलतात. आणि ती पोर गप्प बसते. आज शिरा पुढे—"

मी थांबले. ठकूनं त्या दिवशी काहीच खाल्लं नव्हतं, एवढंच मला सांगायचं होतं. पण मनात दुसरंच चाललं होतं. उद्या मी घरी आले नाही, तर चिऊला कुणी काय सांगेल? आणि ती ते किती दिवसांत खरं मानेल?

वन्संनी फ्रीजचं दार लावलं.

"आजी काय म्हणते?"

"आजी म्हणते, माझ्या पोटी अशी कशी निपजली. त्यांनी ताईचे फोटो भिंतीवरून उतरवून ठेवलेत. ठकूसमोर नाव घ्यायचं नाही म्हणतात."

"म्हणजे आजीनंही मानलं."

"मी नाही मानलं. जी बाई संध्याकाळी उशीर झाला तर मुलीसाठी खिशात चण्याची पुडी ठेवायची, ती असं करेल?"

"करतात गं. चणे ठेवणाऱ्याही करतात." वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बरं. अर्ध्या हाताचं भूत बघायला येते उद्या. भाचीला आणायला आलेली आत्या म्हणून. कुणाला काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खांद्यांवरून, बाहीवरून बोट फिरवलं आणि जिथं डोकं असायला हवं होतं तिथं थांबल्या.

"इकडे ये. काय आहे हे?"

बारीकसं भोक होतं. खिळा उपटून काढल्याचं.

"भुताला खिळा कशाला लागतो, वहिनी?"

"ॲप्रन," मी म्हणाले. "इथे ॲप्रन टांगला होता."

"टांगला होता, बरेच दिवस होता आणि पाळणाघर उघडायच्या आत कुणीतरी काढून नेला."

समोर एक उंच दिवा भिंतीकडे तोंड करून पेटत होता. रंगाची छटा तपासायचा पांढरा, थंड दिवा. आमच्या खोलीतलाच.

"सरांनी आणून लावला," मावशी म्हणाल्या. "ओल जायला. विझवायचा नाही म्हणाले. खिडक्या पण उघडायच्या नाहीत, पोरांना वारा बाधतो."

चिऊ माझा पदर ओढत होती. "आई, ती बाई बारीक झाली."

मी नीट पाहिलं. खरंच. कालच्या काठापेक्षा आजचा काठ पुसट होता. ताईची जी एकमेव खूण उरली होती, ती आमच्या डोळ्यांदेखत भिंतीतून निघून चालली होती.

३

वन्संनी मावशींना बाकावर बसवलं आणि त्यांच्याच डब्यातली सुपारी मागून घेतली.

"सुट्टी लागली त्या दिवशी कुलूप कुणी लावलं?"

"मीच. चार वाजता. पोरं गेल्यावर."

"तेव्हा भिंतीवर चित्रं होती?"

"होती की! मी बोळा घेऊन पुसायला गेले, तर ठकूची आई म्हणाली, राहू द्या मावशी, मी बघते. तिच्याकडे दुसरी किल्ली असायची ना, उशीर व्हायचा तिला." मावशींनी डोळे पुसले. "चांगली होती हो. पळाली म्हणतात, पण चांगली होती."

मग पैलवान. रंग जिथे शिजतो ती मोठी भांडी आणि टाक्या तो सांभाळतो. दंड असे की आमच्या प्रयोगशाळेच्या दारातून तिरका होऊन येतो. ताईचं आणि त्याचं सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालेलं.

"भांडलो तर काय झालं?" तो गुरगुरला. "भांडं नीट धुतलं नाहीस म्हणाली. बॅच कुजवशील म्हणाली. मी पण बोललो. दुसऱ्या दिवशी तिनंच चहा पाजला. तेवढ्यावरून माझ्या नावानं बोंब?"

"कुणी बोंब मारली?"

"सगळे बघतात माझ्याकडं. सर तर म्हणाले, तुझ्या त्रासानंच गेली ती."

"असं म्हणाले सर?" वन्संनी सुपारी गालात सरकवली. "कुठली बॅच होती ती?"

इथे मला थोडं समजवावं लागेल. आम्ही भिंतींचे ॲक्रिलिक रंग बनवतो. रंगाचा जो पापुद्रा भिंतीला धरून राहतो, तो लांबच लांब साखळ्यांचा असतो, आणि साखळीच्या प्रत्येक दुव्याला आम्ही मोनोमर म्हणतो. हे दुवे खनिज तेलातून येतात. त्यातले काही काढून तिथे वनस्पतींच्या तेलापासून केलेले दुवे घालायचे, हे ताईचं काम. तिनं सूर्यफूल वापरून पाहिलं, सोयाबीन पाहिलं आणि शेवटी जवस. जवसाचा रंग सरांना फार आवडला. पाणी लागलं तरी थेंब घसरून जायचा. मालकांपुढे सरांनी त्याच रंगाच्या नमुन्याच्या पाट्या नेल्या होत्या.

"जवसाची," पैलवान म्हणाला. "पहिली मोठी बॅच. पण ती वाया गेली. सुट्टी लागली त्या दुपारीच टाकीत गोठली, असं सर म्हणाले."

"तू पाहिलीस?"

"मी जेवून घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सरांनी फोन करून बोलावलं. टाकीचं झाकण वेल्डिंग करून दे म्हणाले. केलं."

"आत डोकावलास?"

"बोल्ट आवळलेले होते. गोठलेली बॅच काय बघायची? आता भंगारवाले टाकी अख्खी उचलून नेणार. परवा येतायत."

शेवटी सर. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चिऊच्या आत्याला कारखाना कसा वाटला, तेही विचारलं.

"हुशार मुलगी," ताईबद्दल ते म्हणाले. "पण मनातून कडू. आपलं नाव होत नाही असं वाटायचं तिला. मला वाईट वाटतं ते त्या पोरीचं. अशा आईची सावलीसुद्धा पोरीवर नको."

"त्या भिंतीचं काय करणार?"

"आठवडाभरात जाईल ते. ओलच आहे."

गाडीत बसल्यावर वन्संनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसल्या.

"वहिनी, तू घरात ओल आली तर काय करतेस?"

"खिडक्या उघडते. पंखा लावते."

"मग हा माणूस खिडक्या बंद करून गार दिवा का लावतो?"

४

मला उत्तर माहीत होतं. पाळणाघर उघडल्या दिवसापासून माहीत असायला हवं होतं. पण समोरचा माणूस 'नेहमीचा पांढरा' म्हणाला, आणि मी त्याच डोळ्यांनी भिंत पाहत राहिले.

"उजेड," मी म्हणाले. "त्याला वारा नकोच आहे. त्याला उजेड हवाय. जवसाच्या तेलाचा रंग अंधारात पिवळा पडतो, वन्सं. आणि उजेड मिळाला की परत पांढरा होतो."

"थांब. हळू सांग."

"त्या खोलीला मोठ्या खिडक्या आहेत. सुट्टीभर भिंतीवर उजेड होता, ती पांढरी राहिली. ॲप्रनच्या मागे अंधार होता, तेवढीच पिवळी पडली. आमच्या नेहमीच्या पांढऱ्यात तेलाचा अंशही नसतो. तो असा पिवळा पडूच शकत नाही."

"हे सिद्ध करता येईल?"

आलं. मी परत गेले, मावशींना दारात उभं केलं आणि खिळ्याच्या भोकाजवळचा नखाएवढा पापुद्रा पात्यानं खरवडून घेतला. घाईत अर्धा खाली सांडला. तपासणीच्या खोलीत माझं यंत्र आहे, कशात कुठलं तेल आहे ते सांगणारं. ते चालू केलं आणि काचेला कपाळ टेकून बसले. मागून कुणी येतंय असं सारखं वाटत होतं. एकदा खरंच दार वाजलं. सर होते.

"घरी नाही गेलात? मुलगी वाट बघत असेल."

"निघतेच आहे, सर."

"जा. मुलांना फार वेळ थांबवू नये," ते म्हणाले आणि दिवा तसाच ठेवून हळूच दार लावून गेले.

यंत्राच्या कागदावर रेषा वर चढली. तेल होतं. जवसाचं.

वन्सं फाटकाबाहेर थांबल्या होत्या. मी कागद त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी तो पाहिलाही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"चार वाजता मावशींनी कुलूप लावलं, तेव्हा चित्रं होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे भिंत रंगली ती चारनंतर. बरोबर?"

"हो."

"जवसाच्या रंगानं. चांगल्या, पातळ, ब्रश फिरेल अशा."

"हो."

"आणि सर म्हणतात, तो रंग दुपारीच टाकीत दगड झाला होता."

मला आणखी एक गोष्ट सुचली. तेलाचे दुवे साखळी फार लांबूच देत नाहीत; वाढती साखळी त्यांच्यापाशी येऊन थांबते. ताई यावरून वैतागायची. जवसाची बॅच पातळ राहते, मंद चालते, नीट शिजतच नाही, ही तिची तक्रार. गोठते, ही कधीच नव्हती.

"ती बॅच गोठलेलीच नाही," मी म्हणाले.

"मग वहिनी," वन्संनी किल्ली फिरवली, "त्या टाकीच्या झाकणाला वेल्डिंग कशासाठी?"

५

टाकी कापली तेव्हा वन्संनी मला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. पैलवानच कापत होता. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. ठिणग्या थांबल्या. मग तो खाली उतरला, भिंतीला टेकून बसला आणि एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. तेवढ्यावरून मला कळलं.

टाकीत रंगाचा थेंब नव्हता. बॅच सरांनी आधीच गटारात सोडून दिली होती. आत फक्त ताई होती.

सर पाळणाघरात सापडले. त्या दिवशी मुलं नव्हती. ते भिंतीसमोर लहान मुलाच्या खुर्चीवर बसले होते, गुडघे छातीपाशी. दिवा पेटलेलाच. बाई आता इतकी पुसट झाली होती की माहीत असेल त्यालाच दिसावी.

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं ना," वन्संनी विचारलं, "की तुमच्या पाट्या खोट्या आहेत?"

सरांच्या आधी मीच बोलले. मला राहवेना.

"मालकांना दाखवलेल्या सगळ्या पाट्या तुम्ही खिडकीत वाळवल्यात. एकही अंधारात ठेवली नाहीत. कपाटामागे, फोटोंमागे, लोकांच्या भिंती पिवळ्या पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"पाट्यांवर कोण विश्वास ठेवतो?" सर भिंतीकडे बघत म्हणाले. "तीच म्हणाली तसं. पाटी बदलता येते म्हणाली, भिंत कशी बदलाल? मी आलो तेव्हा भिंत रंगवून झाली होती, पंखा लावून वाळवलीही होती. ती शिडीवर चढून स्वतःचा ॲप्रन टांगत होती."

आमची कामाची पद्धतच ती. रंग तपासताना अर्धी पाटी झाकायची, अर्धी उघडी ठेवायची आणि वाट बघायची. झाकायला ताईला दुसरं काही मिळालं नाही. अंगातला ॲप्रन काढला आणि टांगला. सुट्टीनंतर मालकांना इथे आणून ती तो खाली उतरवणार होती.

"हसत होती," सर म्हणाले. "वरून म्हणाली, सर, आता सुट्टीभर मजा करा. मी फक्त शिडी धरली होती."

"धरली होती, की हलवली?" वन्संनी विचारलं.

सरांनी गुडघे आणखी जवळ ओढले.

"ॲप्रन तसाच का ठेवलात इतके दिवस?"

"ॲप्रन काय, कारखान्यात खुंटीखुंटीला असतात. आणि परत या खोलीत यायचं माझ्यानं होईना." त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. "उघडायच्या दिवशी आलो, म्हटलं काढून टाकू. काढला. तर ती मागे उभीच होती."

त्यांना नेलं. ॲप्रन कुठे टाकला ते त्यांनी नीट सांगितलं नाही, आणि तो मिळालाही नाही. मी दिवा विझवला आणि भिंतीवर, तिच्याच काठानं कापलेला, काळा कागद चिकटवला. पंचनाम्यासाठी, वन्सं म्हणाल्या. मला वाटतं, त्या नसत्या म्हणाल्या तरी मी चिकटवला असता.

६

आजीच्या घरी जाताना वन्सं सोबत येते म्हणाल्या. मी नको म्हटलं.

आजींना पोलिसांनी आधीच सांगितलं होतं. त्या पलंगावर बसून होत्या, ताईचे फोटो मांडीवर. "मी तिचं नाव टाकलं होतं गं," एवढंच परत परत म्हणत होत्या. "माझ्या तोंडानं टाकलं. आता या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? तू सांग. तुला लेकरू आहे."

लेकरू आहे म्हणूनच माझी जीभ उचलत नव्हती. मेली, हा शब्द मी चिऊसमोर चिमणीबद्दलसुद्धा वापरला नव्हता.

ठकू जमिनीवर बसून चपलेचा पट्टा लावत-काढत होती. मी तिच्याजवळ बसले. आई कामावर असताना उंचावरून पडली, असं सांगितलं. एका माणसानं पाडलं, त्याला पोलिसांनी धरलंय, असंही. आई मेली. ती आता येणार नाही. सगळं सांगितलं, एकामागून एक. तिनं पट्ट्यावरून मान वर केली नाही.

"म्हणजे पळाली नव्हती?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला ठेवून गेली नव्हती?"

"नाही गं. ती तुझ्याकडेच यायला निघणार होती."

आजींचं हुंदके देणं थांबलं. मला वाटलं, आता रडेल, आणि मी हात पसरून तयार होते.

ती रडली नाही. उठली, दुसरी चप्पल पायात अडकवली आणि माझं बोट धरून दाराकडे ओढायला लागली.

"कुठे जायचंय?"

"पाळणाघरात," ठकू म्हणाली. "आता तू सगळ्यांना सांग. मोठ्यांदा सांग."